बगीचा तुहा, वेल माही

बाबांनी गुळवेल तोडली तेव्हा मी सातवीत होते. मे महिना. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी पायाखालची माती तापायला लागली होती. अंगणातल्या कडुलिंबापाशी बाबा कुऱ्हाड घेऊन उभे होते आणि आजी ओसरीच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. वेल बुंध्याशी माझ्या मनगटाएवढी जाड होती, वर जाऊन लिंबाच्या तीन फांद्यांवर पसरलेली. उन्हाळ्यात तिची पानं झडतात. त्यामुळे त्या दिवशी ती नुसत्या दोरखंडासारखी दिसत होती, साल कागदासारखी सुटलेली, वाऱ्यावर फडफडणारी.

"माय, ते पतंगं हिच्यावरच अंडे घालते," बाबा म्हणाले. "नाल्यावरच्या सगळ्या तोडल्या. घरची ठेवून कसं चालन?"

"बगीचा तुहा, वेल माही," आजी म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, "तोड. पण वरची ओढू नको. झाडाले लागते."

बाबांनी जमिनीपासून हातभर उंचीवर घाव घातला, मग मुळाशी एक. मधला तुकडा काढून टाकला, मूळ कुदळीने खणून काढलं. वरची सगळी वेल लिंबावर तशीच लोंबत राहिली. तोडलेल्या तुकड्याचा काप मी हातात घेऊन बघितला. सायकलच्या चाकाला आऱ्या असाव्यात तशा मधून कडेपर्यंत गेलेल्या रेषा. जिभेला लावला आणि संध्याकाळपर्यंत तोंड कडू राहिलं.

बाबांचं चुकलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातलं. इकडे घरातली लग्नं, शिक्षणं, आजारपणं सगळी संत्र्यावर चालतात. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची, फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकायला लागली की रात्री पतंग येतात. दिवसा दिसत नाहीत, वाळक्या पानासारखे कुठेतरी चिकटून बसलेले असतात. अंधार पडला की बगीच्यात उतरतात आणि पिकायला आलेल्या फळात सोंड खुपसतात. ही सोंड फुलपाखराच्या सोंडेसारखी मऊ नसते. टोकाला टणक, काटेरी असते आणि संत्र्याची साल सहज भेदते. सकाळी फळावर टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, बाकी फळ अगदी चांगलं. दोन-तीन दिवसांत त्या भोकाभोवती गोल डाग पडतो, तो मऊ होतो, आत सडतं, आणि फळ गळून पडतं. झाडाखाली सडा पडलेला असतो. वर्षभर पाणी दिलेलं, खत दिलेलं, मधे पाणी तोडून ताण देऊन फुलवलेलं झाड, आणि माल तोडायच्या तोंडावर हे.

या पतंगाची गोम अशी की तो संत्र्यावर पोट भरतो, पण संत्र्यावर वाढत नाही. त्याच्या अळ्या गुळवेल, वासनवेल, चांदवेल अशा वेलींच्या पानांवर वाढतात. म्हणून बगीच्याच्या आसपास, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, नाल्याकाठी या वेली ठेवू नका, असा सल्ला आमच्याकडे वर्षानुवर्षं दिला जातो. संध्याकाळी बगीच्यात कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा, पडलेली फळं गोळा करून पुरा, रात्री टॉर्च घेऊन पतंग पकडा, हे त्याच सल्ल्याचे पुढचे भाग. बाबा हे सगळं करायचे. जेवण झालं की टॉर्च आणि काडीला बांधलेली जाळी घेऊन निघायचे, दहा-साडेदहाला परतायचे. मी कधीकधी सोबत जायची. टॉर्चच्या उजेडात फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. आणि उडाला की पुढच्या मातकट पंखाखालून एकदम नारिंगी पंख निघतो, त्यावर काळा ठिपका. सुंदर असतो तो. बाबांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

तर वेल तोडली. आजी त्या दिवशी नेहमीसारखी जेवली, दुपारी झोपली. संध्याकाळी अंगण झाडताना लिंबाखाली क्षणभर थांबली आणि वर बघून म्हणाली, "मरत नसते थे."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं समाधान वाटलं. मूळ नाही, माती नाही, पाणी नाही. महिनाभर वेल तशीच टांगलेली होती. मृग बरसला, लिंबाला नवा पाला आला. आणि जूनच्या शेवटी एक दिवस मी लिंबाखाली उभी असताना केसांना काहीतरी लागलं. कोळ्याचं जाळं असेल म्हणून हात फिरवला तर हातात हिरवट दोरा आला. सुतळीपेक्षा बारीक, गुळगुळीत, टोकाशी फिकट पिवळा. वर बघितलं तर असे सात-आठ दोरे वेलीतून खाली सुटलेले. काही माझ्या डोक्याच्या वर, काही अजून फांदीपाशीच. तोडलेली वेल हवेतून मुळं खाली सोडत होती.

त्यानंतर शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि आधी दोरे बघायचे. लिंबाच्या बुंध्यावर मी कोळशाने खुणा करत होते. पावसाची झड लागली की एका दिवसात बोटभर, कधी त्याहून जास्त खाली यायचे. उघडीप पडली की थांबायचे. दोन दोरे कोंबडीने तोडले. एक वाऱ्याने लिंबालाच गुंडाळला गेला. श्रावणात एका सकाळी पहिला दोरा जमिनीला टेकला होता. मी हलकेच ओढून बघितला तर तो सुटेना. त्याने मातीत पकड घेतली होती. वर वेलीला तोवर पानंही फुटली होती, हृदयाच्या आकाराची, लांब देठाची, पाण्याने धुतल्यासारखी हिरवी.

मी आजीला हाक मारली. आजीने बघितलं, काही बोलली नाही, चुलीकडे परत गेली. दुपारी बाबा शेतातून आले, पाय धुतले, त्यांचंही लक्ष गेलं. बराच वेळ तो ताणलेला दोरा बघत उभे राहिले. मला वाटलं आता विळा मागतील. त्यांनी नुसतं बोट लावून बघितलं, जसं मी बघितलं होतं, आणि म्हणाले, "अळ्या तुम्ही येचजा. एकबी राहाले नाही पाहिजे."

असा आमच्या घरात तह झाला. त्या वर्षापासून पावसाळ्यात दर रविवारी मी आणि माझा भाऊ गुळवेलीची पानं तपासायचो. खालची आजीच्या हाताला येणारी पानं ती बघायची, वरची आम्ही शिडी लावून. पतंग पानाच्या मागच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालतो, ते चष्मा लावूनही आजीला दिसायचं नाही, पण कुरतडलेलं पान तिला लांबून दिसे. अळी सापडली की बघत राहावंसं वाटायचं. मखमलीसारखी काळपट, कडेला दोन मोठे डोळे. ते खरे डोळे नसतात, नुसते ठिपके असतात, पण धक्का लागला की ती डोकं आत वळवून पुढचा भाग कमानीसारखा उचलते आणि ते खोटे डोळे बरोबर आपल्याकडे रोखलेले दिसतात. साप वाटावा अशी. भाऊ घाबरायचा. मी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची, आणि मला ते कधीच आवडलं नाही.

पण या कामाने एक झालं. दर आठवड्याला एखादं झाड पान न् पान उलटून बघितलं की ते ओळखीचं होतं. गुळवेलीचं कोवळं खोड कसं चकचकीत हिरवं असतं, मग त्यावर बारीक ठिपके कसे येतात, जून झालं की वरची पातळ साल कशी पापुद्र्याने सुटते आणि नखाने ती काढली की आत पुन्हा हिरवंच कसं निघतं, हे मला कोणी शिकवलं नाही. वासनवेलही अशीच ओळखीची झाली. तिची पानं पाण्यात चुरली आणि वाटी थोडा वेळ तशीच ठेवली की पाणी खरवसासारखं थिजतं. आम्ही पोरं ते केळीच्या पानावर उलटं करून वड्या पाडायचो. धुऱ्यावर तिला बाबा जगू द्यायचे नाहीत, पण नाल्याच्या पलीकडे ती होती.

आजी गुळवेलीला गुयवेल म्हणायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ळ नसतोच, डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. तिच्या वेलीला संस्कृतात किती नावं आहेत हे तिला माहीत नव्हतं, मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं. एका मैत्रिणीकडे भावप्रकाश बघायला मिळाला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांचा ग्रंथ. त्यात गुळवेलीच्या जन्माची गोष्ट आहे. रावण मारला गेल्यावर युद्धात पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपलं, वानर उठले, आणि त्यांच्या अंगावरून ओघळून जिथे थेंब पडले तिथे गुळवेल उगवली. म्हणून अमृता. गोष्ट छान आहे, पण मी अडकले ती पुढच्या नावांत. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी उगवणारी. चक्रलक्षणिका, जिच्यात चाकाची खूण आहे ती. तंत्रिका, तंतूसारखी. हे वाचताना मला लिंबाखाली केसांत अडकलेला दोरा आठवला आणि सातवीतल्या त्या सकाळी हातात धरलेला काप आठवला. ज्याने कोणी ही नावं पहिल्यांदा ठेवली त्याने वेल तोडून बघितली होती, काप उन्हात धरला होता, पावसाळाभर वाट बघितली होती. आमच्या अंगणात जे घडलं ते कोणीतरी फार पूर्वी बघून ठेवलं होतं, याचा मला तिथे बसल्या बसल्या इतका आनंद झाला की मी घरी एसटीडी फोन केला. फोन आजीने घेतला. तिला नावं वाचून दाखवली. ती म्हणाली, "हो ना बाप्पा. दिसते थे."

आजी वेलीचा वापर मात्र फार जपून करायची. कोणाला बारीक ताप रेंगाळला, अंगात कणकण राहिली, तरच. वेलीचा अंगठ्याएवढा जाड तुकडा, वीतभर लांब. फार कोवळा नाही, फार जूनही नाही. वरची साल खरवडायची, पाट्यावर ठेचायचा, पितळी गंजात दोन पेले पाणी घालून मंद आचेवर ठेवायचा आणि अर्धा पेला राहिला की उतरवायचा. ग्रंथात भरड औषधाला सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायला सांगितलं आहे. आजीच्या पेल्याचा हिशोब त्याच्याशी जुळत होता की नाही कोण जाणे, पण तिचा पेला ठरलेला होता आणि वीतही तिचीच. उन्हाळ्यात कोणाच्या हातापायांची आग झाली तर काढा नाही. तेव्हा ठेचलेला तुकडा रात्री मडक्यातल्या गार पाण्यात भिजवायचा आणि सकाळी गाळून ते पाणी द्यायचं. तीन दिवस, जास्तीत जास्त पाच. "ताप उतरला का वेलीले हात लावाचा नाही," हे ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि सहाव्या दिवशी मागितला तरी तिने कधी दिला नाही.

वर्षातून एकदा ती सत्त्व काढायची. थंडीत, वेल भरलेली असताना. हे काम दोन दिवसांचं. पाटीभर वेल तोडून आणायची, धुऊन साल काढायची, बोटाएवढे तुकडे करून उखळात कुटायचे. कुटताना वास येतो तो कच्च्या, ओल्या हिरव्याचा, थोडा मातीचा. मग मोठ्या गंजात पाण्यात भिजत घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाही सरकवून आजी त्या पाण्यात हात घालायची आणि ते रेशे चोळायची, पिळायची, पुन्हा चोळायची. पाण्यावर हिरवट फेस यायचा, तो ती हाताने बाजूला सारायची. मग पातळ धोतराच्या फडक्यातून पाणी गाळून ते हलू न देता ठेवायचं. कोणी त्या बाजूने धावत गेलं तर ओरडा बसायचा. दुपारी वरचं पाणी अगदी सावकाश ओतून टाकलं की तळाशी पांढुरका थर. पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा निवळणं. तीन-चार पाण्यांनंतर थर पांढराशुभ्र व्हायचा. तो ताटात पसरून सावलीत वाळवायचा. एवढ्या पाटीभर वेलीचं निघायचं मूठभर. बोटांत चोळलं की मऊ, निसटतं, आणि चवीला गंमत म्हणजे जवळजवळ काहीच नाही. सगळा कडवटपणा त्या ओतून दिलेल्या पाण्यात गेलेला. वैशाखात कोणाला उष्णतेचा त्रास झाला की चिमूटभर सत्त्व खडीसाखर घातलेल्या दुधातून मिळायचं. त्या मूठभर भुकटीमागचे हात मी बघितले आहेत म्हणून बाजारातलं स्वस्त सत्त्व घ्यायला माझं मन होत नाही. त्यात साधं पीठ मिसळणं किती सोपं आहे, हे एकदा सत्त्व काढलेल्या कोणालाही कळेल.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. लहानपणी थंडीत आमच्या वेलीला लाल फळांचे घोस यायचे, मण्यांसारखे, आणि बुलबुल ते खायला यायचे. बाबांनी वेल तोडली त्यानंतर घोस आले नाहीत. आम्हाला वाटलं तोडल्यामुळे तिची शक्ती गेली. पण ती पूर्वीसारखी वाढली, फुलली, तरी फळ नाही. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. आमची मादी होती. नर बहुतेक नाल्यावर होते, आणि नाला बाबांनी साफ केला होता. चार-पाच वर्षांनी पलीकडच्या काठाने पुन्हा वेली चढल्या, आणि मग एका डिसेंबरात बुलबुल परत आले.

आजी गेली त्या वर्षी मी पुण्याला आले होते. दिवस झाल्यावर परत निघताना लिंबावरच्या वेलीचे पाच तुकडे तोडले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि नागपूर-पुणे गाडीत पिशवीत घालून आणले. चार कुंडीत लावले. पाचवा पिशवीच्या कप्प्यातच राहिला. महिन्याभराने सापडला तेव्हा कागद वाळून कडक झाला होता आणि तुकड्याच्या डोळ्यातून नखाएवढा हिरवा कोंब आला होता. मी जमिनीवर बसून रडले. आता आमच्या बाल्कनीच्या ग्रीलवर जी वेल आहे ती या पाचव्या तुकड्याची.

लावायला सोपी आहे. करंगळीएवढा जाड, दोन-तीन डोळे असलेला तुकडा घ्यावा, वरचं टोक वर राहील हे बघावं, आणि एक डोळा मातीत जाईल असा खोवावा. पावसाळ्याच्या तोंडाला लावला तर महिन्याभरात धरतो. कुंडी मोठी हवी, तळाला भोकं मोकळी हवीत, कारण ही वेल हवेत टांगून जगेल पण चिखलात मूळ कुजून मरेल. चार-पाच तास ऊन, चढायला काहीतरी आधार, बास. उन्हाळ्यात पानं झडली की लोक ती मेली म्हणून उपटून टाकतात. टाकू नये. नखाने साल खरवडून बघावी, आत हिरवं असेल तर ती झोपली आहे. कडुलिंबावर चढलेली गुळवेल औषधाला सगळ्यात चांगली असं सगळेच म्हणतात, आजीही म्हणायची. माझ्याकडे लिंब नाही, ग्रील आहे. फुलं येतात, बिनपानाच्या वेलीवर बारीक पिवळसर. फळ नाही. पाचही तुकडे एकाच वेलीचे.

मग कोरोना आला, आणि ज्या वेलीकडे कोणी बघत नव्हतं तिच्याकडे सगळे धावले. 2020 च्या ऑक्टोबरात आयुष मंत्रालयाने कोरोनासाठी दिलेल्या उपचारपद्धतीत गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्याच गोळ्या, होती, त्यामुळे गुळवेल चांगली की वाईट हा प्रश्नच कोणाला उरला नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन केंद्रातून गुळवेल गोळा करून मोठमोठ्या औषध कंपन्यांना पुरवली आणि त्यांच्या हाती पैसा आला, याचा मला मनापासून आनंद झाला. ती वेल त्यांच्याइतकी कोण ओळखतं? शहरात मात्र वेगळंच चाललं होतं. आमच्या सोसायटीतले लोक माझ्या कुंडीतले तुकडे मागून न्यायचे. सकाळी काढा, संध्याकाळी रस, रात्री गोळी. घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनाही. महिनोन्‌महिने.

माझी आत्या नागपूरला असते. तिने चार महिने रोज दोन वेळा काढा घेतला. मीच तिला दोन वर्षांपूर्वी वेल दिली होती. पाचव्या महिन्यात तिची भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांनी काविळीच्या सगळ्या तपासण्या केल्या, नेहमीची कारणं सापडेनात. मग त्यांनी घरातली एकेक गोळी, एकेक बाटली टेबलावर मांडायला लावली. काढा बंद झाला. बरं व्हायला तिला दोन महिने लागले. तिला थायरॉइडचा जुना त्रास होता, तो शरीर स्वतःवरच उलटण्याच्या प्रकारातला आहे आणि अशा माणसाला हा काढा बाधू शकतो हे तेव्हा कळलं.

2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल लिहिलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हेच तपासलेलं नाही. 2022 मध्ये देशातल्या 13 ठिकाणच्या 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मंत्रालयाने सांगितलं की खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक असू शकते. क्रिस्पाच्या राखाडी खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात, चीक दुधासारखा निघतो, फळ लांबट आणि नारिंगी. आपल्या गुळवेलीचं खोड हिरवं, गाठी नाहीत, दूध नाही, फळ गोल आणि लाल. हा फरक महत्त्वाचा आहे आणि प्रत्येकाने तो शिकून घ्यावा.

पण आत्याच्या गच्चीतली वेल मी जाऊन बघितली. पान न् पान बघितलं, खोड खरवडलं, कापून चाक बघितलं. ती आमचीच होती. लिंबावरची. आजीची.

मी तिला वेल दिली होती, आजीची वीत दिली नव्हती. तीन दिवस, जास्तीत जास्त पाच, हे सांगायला मी विसरले होते, कारण मला ते औषधाचा भाग वाटतच नव्हतं, आजीचा स्वभाव वाटत होता. आता कोणी तुकडा मागायला आलं की मी आधी बसवते, चहा देते आणि विचारते. थायरॉइड, संधिवात, यकृताचं काही? मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, कारण हिने साखर आणखी उतरू शकते. घरात कोणी पोटुशी आहे का? नीट उत्तर मिळालं नाही तर वैद्याकडे जायला सांगते आणि वेल देत नाही. काहीजण रागावून गेले आहेत.

आत्या आता बरी आहे. तिने वेल काढलेली नाही. काढा घेत नाही, पाणी घालते.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ग्रीलवरच्या वेलीचं एक पान कुरतडलेलं दिसलं. हात आपोआप पानाच्या मागे गेला. पंचवीस वर्षांनी. होती. मखमली, काळपट, दोन डोळे रोखून, कमान करून बसलेली. चौथ्या मजल्यावर, ही एवढी एकच वेल, आणि त्या पतंगाला ती रात्री सापडली होती.

बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते ओसरीवर बसले होते, मागे लिंब दिसत होता. मी काही न बोलता कॅमेरा अळीसमोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जवळ कर जरा." मी जवळ नेला. "डोये खोटे हायेत काय रे हिचे?"

"हो बाबा."

"मले माहीतच नव्हतं," ते म्हणाले. एवढी वर्षं रात्री त्यांनी पतंगच पकडले होते. अळ्या आम्ही वेचायचो, त्यांच्यापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या.

"काय करू?" मी विचारलं. साबणाचं पाणी मी करणार नव्हते, पण त्यांनी सांगावं असं वाटत होतं.

"संत्रं हाय का कुठी तिकडं जवळपास?"

"नाही."

"पानं किती खाल्ले?"

"सात."

ते थोडे मागे टेकले. "अजून हायेत ना पानं?"

"आहेत."

"मंग खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. मी बाल्कनीत गेले आणि मोजून सांगितलं. अकरा.